दोन किलोचं गौडबंगाल

४ जून
व्यायामाचा क्लास सुरू. आतड्याचा कॅन्सर गेला, आता वजनं उचलून ताकद कमवा, असं डॉक्टरांचं म्हणणं. ताकद येईपर्यंत दुकानात बसायचं नाही, हे बायकोचं. तोवर आमचं किराणा दुकान मेव्हण्याच्या ताब्यात. ऐटीत बसला असेल माझ्या खुर्चीत! महिन्याभरात गल्ल्यावर परत जाणार म्हणजे जाणार.

शिकवणाऱ्या बाईंनी दोन किलोचं डंबेल दिलं. उचलताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. दोन किलो? काहीतरी गौडबंगाल आहे.

६ जून
जन्म पोती उचलण्यात गेला. माझा हात म्हणजे काटा. मुठीतली साखर न तोलता सांगतो. हात म्हणतो, हे डंबेल किमान पाच किलोचं. आकडा खोटा टाकलाय. पेशंटला आपण अजून लेचेपेचे आहोत असं वाटत राहिलं की तो क्लास सोडत नाही. गिऱ्हाईक कसं धरून ठेवतात ते मला शिकवू नका म्हणावं.

क्लासात माझ्या शेजारी बसणाऱ्या काकू पाच लिहिलेलं डंबेल गप्पा मारत उचलतात. त्यांना तर कॅन्सर दोनदा झालाय. त्यांचं डंबेल आतून पोकळ असणार. सामील आहेत.

११ जून
बाईंना तोंडावर विचारलं. त्या हसल्या. खरा माणूस हसत नाही, चिडतो. नंतर मला न्यायला आलेली बायको त्यांच्याशी दाराआड कुजबुजत होती. म्हणजे हीसुद्धा! मेव्हणा शेवटी हिचाच भाऊ.

१३ जून, संध्याकाळी
डंबेल पिशवीत घालून घरी आणलं. चोरी नव्हे, तपासणी. वाटेत हात बदलत, दिसेल त्या पायरीवर बसत आलो. पाचाच्या खाली नाहीच. उद्या दुकानातल्या काट्यावर ठेवून सगळ्यांचं बिंग फोडतो.

१४ जून
काट्याने दोन दाखवले. बरोबर दोन.

मेव्हण्याने काटा बिघडवलाय, असं गिऱ्हाइकांसमोर सुनावलं. तो पुड्या बांधत राहिला. सोबत आलेल्या बायकोने मला डोळे मिटायला सांगितले, हातावर साखर ठेवली आणि विचारलं, किती? म्हटलं, अडीच किलो. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही.

डोळे उघडले. कंपनीचं बंद पाकीट. वर छापलेलं, एक किलो.

पुन्हा करू म्हटलं. तांदूळ चुकले. डाळ चुकली. कोणी हसलं नाही. हसले असते तर भांडता तरी आलं असतं.

केमोपासून बोटांना मुंग्या असतात, शर्टाची बटणं बायको लावते. ते ठीक. पण हात चुकेल असं वाटलं नव्हतं. घरी येऊन रडलो. मला सर्दी झालीय, असं बायकोला सांगितलं. तिने लगेच विश्वास ठेवला, हेही संशयास्पदच.

१८ जून
डंबेल परत केलं. बाई रागावल्या नाहीत. जोर येईल, हळूहळू बोटांनाही कळायला लागेल, म्हणाल्या. काकूंनी शेजारी जागा धरून ठेवली होती.

बाईंना हळूच म्हटलं, मला एक किलोचंच द्या.

दिलं. जड होतं.