चाळीस शहरांचं वजन

दि. ३ फेब्रुवारी

चि. मुंगळ्यास,
अनेक आशीर्वाद.

आजच्या पेपरात यादी आली. चाळीस शहरं, तिथल्या माणसांच्या सरासरी वजनाप्रमाणे लावलेली. सगळ्यांत हलकं वर, सगळ्यांत जड तळाला. तुझं शहर पहिलं, अठ्ठावन्न किलो दोनशे. आमचं दुसरं, अठ्ठावन्न किलो सहाशे. चारशे ग्रॅम! अरे, एवढं वजन माझ्या चपलांचं असेल, आणि मी तर सगळ्यांच्या चपला दाराबाहेर काढायला लावल्या होत्या.

तीस वर्षं शाळेत कवायत शिकवली, निवृत्त झाले, तरी शिट्टी अजून गळ्यातून निघालेली नाही हे तुला माहीतच आहे. आरोग्य मंडळाने चिठ्ठ्या काढून आमच्याकडची दोन हजार माणसं निवडली आणि त्यांची वजनं करण्याचं काम माझ्यावर सोपवलं. मी सगळ्यांना शाळेच्या सभागृहात रांगेत उभं केलं. किल्ल्या, पट्टे, घड्याळं, सगळं टेबलावर काढून ठेवायचं. एका वकिलाच्या कोटातून अर्धा किलो कागद निघाले. एकाने विचारलं, केस कापून येऊ का? मी म्हटलं, अवश्य या. एवढं करून दुसरा नंबर! दिवसभर माझा नुसता जळफळाट चालला होता.

मग खालची बातमी वाचली. पहिल्या शहरात मुलांसाठी तरणतलाव बांधणार, आणि तिथे वजन करणाऱ्या मुख्य माणसाला व्यासपीठावर बोलावून मानपत्र देणार. म्हणजे तुला! लहानपणी बक्षिसं मी आणायची आणि तू ती फडक्याने पुसून कपाटात लावायचास. कधी तोंड वाकडं केलं नाहीस. आज आईबाबा हवे होते रे. मी पेपर बाजूला ठेवून चांगली रडले आणि तुझे दाजी विचारायला लागले की दाढ दुखतेय का.

तुझ्या सौ.ला पंधरा दिवस माझ्याकडे पाठव. तुझी फुशारकी ऐकून तिचे कान किटले असतील. चारशे ग्रॅमने हरलेल्या बहिणीला विसरू नकोस.

तुझी,
ताई

दि. ८ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि चहावाल्याला एकदा वाचून दाखवलं, फक्त तुझ्या रडण्याचा भाग गाळून. पेपरातलं कात्रण त्याने दुकानाच्या काचेवर लावलंय. मी आपला डिंक तेवढा पुरवला.

तुझी ती शिट्टी, रांगा आणि किल्ल्या वाचून हसून हसून पुरेवाट झाली. माझ्याकडे असलं काही नव्हतं. ठोक भाजीबाजारात चौतीस वर्षं मी तोलणार, मालाचं वजन सांगणारा. दिवसाला पाचशे क्रेट काट्यावर चढतात नि उतरतात. मी काट्याकडे बघतो आणि आकडा बोलतो, लेखनिक माझ्याकडे पाठ करून बसतो आणि लिहितो. माणसांची वजनंही आम्ही अशीच केली. या, चढा, उतरा, पुढचे या. आठ दिवसांचं काम पाच दिवसांत उरकलं.

आणि ताई, माणसं किती खूश झाली म्हणून सांगू! प्रत्येक जण स्वतःला वाटत होतं त्यापेक्षा हलकाच निघाला. कोपऱ्यावरची बेकरीवाली बहात्तर ऐकायची तयारी करून आली होती, मी सत्तर म्हटलं, तर तिने त्या काट्यालाच नमस्कार केला. बाजारात तोलणाऱ्यावर कधी कुणी खूश नसतं. शेतकऱ्याला वाटतं मी कमी सांगितलं, व्यापाऱ्याला वाटतं जास्त सांगितलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच लोक माझ्या काट्यावरून हसत गेले.

समारंभ दहा मार्चला आहे आणि मी एकतीसला निवृत्त होतोय. मानपत्र हातात घेऊन बाजारातून बाहेर पडेन. नवा कोट शिवायला टाकलाय. शिंपी म्हणाला की खांद्यात कापूस भरावा लागेल, म्हटलं भर बाबा. खरं सांगू? मला हे फार हवंय. एवढं काही हवं असल्याचं मला आठवत नाही.

सौ. बारा तारखेला पोचेल. दाजींना नमस्कार. माझ्यावर जळत राहा, पण जिव्हाळा तेवढाच राहू दे.

तुझा,
मुंगळ्या

दि. १७ फेब्रुवारी

चि. मुंगळ्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. तिसऱ्यांदा तुझ्या सौ.ने समोर बसून लिहायला लावलंय.

तुझी सौ. परवा गंमत म्हणून सभागृहातल्या काट्यावर चढली. त्रेसष्ट किलो. ती म्हणाली, काहीतरीच काय, तिकडे बाजारातल्या काट्यावर ह्यांनी एकसष्ट सांगितलं होतं. आम्ही आधी माझ्या जेवणाला दोष दिला, मग काट्याला. मी शाळेच्या प्रयोगशाळेतून शिक्क्याची लोखंडी वजनं आणवली. वीस ठेवलं, वीस दाखवले. साठ ठेवली, साठ दाखवले. काटा अगदी बरोबर होता.

मग तुझी सौ. एकदम खुर्चीत बसली आणि तिने मला तुमच्या लेकीच्या जन्माची गोष्ट सांगितली. तू दवाखान्यात हट्टाने बाळाचं वजन स्वतः केलंस आणि एक किलो दोनशे असं जाहीर केलंस. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं, तू भिंतीला टेकून मटकन खाली बसलास, आणि नर्स धावत येऊन म्हणाली, अहो, तीन किलो दोनशे आहे, मुलगी ठणठणीत आहे! सगळ्यांनी ते तुझ्या घाबरण्यावर घातलं.

तुमच्या बाजारातला रिकामा क्रेट दोन किलोचा असतो ना? भाजीचं वजन सांगताना तू तो मनातल्या मनात वजा करतोस. चौतीस वर्षं करतोयस, आता तुझं तुलाही कळत नाही. मुंगळ्या, तू माणसांमधूनही क्रेट वजा केलास. दोन हजारच्या दोन हजार.

मी कुणाला काही बोलले नाही. ह्यांनाही नाही. तुमचं शहर खाली गेलं की आमचं वर येतं, म्हणजे माझा ह्यात स्वार्थ आहे असं तुला वाटू शकतं, आणि त्याचंच मला सगळ्यांत वाईट वाटतंय. पण खोट्या आकड्यावर तुझ्या हातात मानपत्र आलं तर ते तुला कपाटात लावतानाही टोचेल. तुला मी ओळखते. काय करायचं ते तूच ठरव. तू काहीही ठरवलंस तरी तुझी बहीण आहे तशीच राहील.

ताई

अहो, चार ओळी माझ्या. एकसष्ट ऐकल्यापासून मी आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहत होते, तेवढं सुख तुम्ही मला दिलंत, ते मी परत करणार नाही. ताईंवर चिडू नका. त्या तीन दिवस धड जेवल्या नाहीत. नीट जेवा. कुंड्यांना पाणी घाला. तुमची सौ.

दि. २० फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार.

पत्र मिळालं. चौतीस वर्षांत माझ्या वजनावर कुणी बोट ठेवलेलं नाही. तुला पहिला नंबर इतका हवा होता हे माहीत नव्हतं. लहानपणची सगळी बक्षिसं तुझीच होती, एक माझं होतं ते खुपलं का?

सौ.ला पुढच्या गाडीने पाठवून दे.

मुंगळ्या

दि. २५ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी माझे कान धर. मग पुढे वाच.

वीस तारखेचं पत्र पेटीत टाकलं आणि तसाच बाजारात गेलो. लेखनिकाला म्हटलं, काट्यावर चढ आणि तूच वाच. तो म्हणाला, चौऱ्याहत्तर. मग मी वाचलं. मला काट्यावर चौऱ्याहत्तर स्पष्ट दिसत होते, ताई, आणि तोंडातून निघालं बहात्तर! पुन्हा केलं, पुन्हा बहात्तर. चौथ्या खेपेला ओठ दाताखाली धरून चौऱ्याहत्तर म्हणायला गेलो तर त्र्याहत्तर आलं. लेखनिक हसायला लागला, मी त्याच्यावर ओरडलो, आणि मग मलाच हसू आवरेना. हसता हसता कधी रडायला लागलो ते कळलं नाही. बाकीचे तोलणार जमले. त्यांनीही एकेक करून बघितलं. सातातल्या पाच जणांचं माझ्यासारखंच झालं.

तीन दिवस मंडळाकडे जायचं टाळलं. कोट शिवून आला होता. तो घालून बघितला, काढून ठेवला, परत घातला. बाजारातलं कुणी बाहेर बोलणार नव्हतं. तू बोलणार नव्हतीस हेही मला माहीत होतं, मी तुला तसलं पत्र लिहूनसुद्धा माहीत होतं. पण मानपत्र घेताना समोर बेकरीवाली बसलेली असणार आणि मी तिच्याकडे बघू शकणार नाही, हे काही डोक्यातून जाईना. काल मंडळाच्या अधिकारी बाईंकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी आधी डोक्याला हात लावला, मग पाणी मागवलं. माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी.

प्रत्येकाचे दोन किलो वाढवल्यावर आमचं शहर साठ किलो दोनशे झालं आणि पहिल्यावरून थेट अकराव्या नंबरावर गेलं. आता पहिलं तुझं. तुझ्यामागे कुठलंसं समुद्रकाठचं शहर आहे, फक्त वीस ग्रॅमने मागे. तरणतलाव तुमचा, मानपत्र तुझं, समारंभही तुमच्या सभागृहात, दहा तारखेलाच.

बेकरीवालीला मी स्वतः जाऊन बहात्तर सांगितलं. काल दिवसभर तिने माझ्याशी बोलणं टाकलं. आज सकाळी गरम पाव पाठवला आणि निरोप दिला की चढताना तिच्या हातात तवा होता असं समज. बाजार अजून चिडवतोय. मी काट्याजवळ दिसलो की कुणीतरी ओरडतं, दोन वाढवा!

मानपत्र गेल्याचं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाटलं. पण तुला लिहिलेल्या त्या चार ओळींचं त्याहून जास्त वाटतंय. तू लिहिलंस म्हणून मी वाचलो. दहा तारखेला पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवणार आहे. सौ.ला तोवर ठेवून घे. माझ्यावरचा राग सोड, माया सोडू नकोस.

तुझा,
मुंगळ्या

दि. ४ मार्च

चि. मुंगळ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे कान मी केव्हाच सोडले. आता माझे कोण धरणार ते बघ.

तुझं पत्र वाचून तुझी सौ. आणि मी एकमेकींच्या गळ्यात पडलो. ती आनंदाने रडत होती. मी का रडत होते ते तिला कळलं नाही.

मुंगळ्या, चिठ्ठ्या काढल्या तेव्हा दोन हजारांत तुझ्या दाजींचं नाव निघालं होतं. एकशे बारा किलो. मी ते नाव खोडलं, पुढे 'परगावी' असं लिहिलं, आणि त्यांना पुतण्याकडे कुंपण रंगवायला पाठवून दिलं. त्यांच्या जागी यादीतला पुढचा माणूस घेतला, घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ, साठ किलो. कवायतीच्या बाईंचा नवरा एकशे बाराचा, हे शहराला दिसायला नको होतं. किल्ल्या आणि पट्टे काढून घेणारी मी, आणि काढून टाकला तो नवरा. वर तुला उपदेश केला.

तुझ्या पत्रातले वीस ग्रॅम वाचले आणि गणित मांडून बसले. बावन्न किलोंचा फरक, दोन हजार माणसांत वाटला की सव्वीस ग्रॅम. पहिलेपण आमचं नव्हतंच. तुझ्या दाजींना लपवून ते मी मिळवलं होतं.

त्याच दुपारी त्यांना सगळं सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं. ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, मला तेव्हाच कळलं होतं, पुतण्याच्या घराला कुंपणच नाही. आठ दिवस त्यांनी तिथे खिडक्या रंगवल्या आणि परत आल्यावर एका शब्दाने बोलले नाहीत. माझ्या हातून काही पडलं तर ते आवाज न करता उचलतात, हेही त्यांनी तसंच उचलून ठेवलं होतं. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. मी त्यांचे दोन्ही हात धरून माफी मागितली. ते म्हणाले, माफी राहू दे, काटा कुठे आहे?

मी मंडळालाही कळवलं, आणि आज सकाळी मंडळाच्या बाई आल्या. बातमी फुटलीच होती, अर्धं शहर सभागृहात हजर. हे इस्त्रीचा शर्ट घालून आले. किल्ल्या काढल्या, पट्टा काढला, चपला दाराबाहेर ठेवल्या आणि काट्यावर असे उभे राहिले की माझ्या एकाही विद्यार्थ्याला तसं सावधान जमलं नसेल. एकशे बारा. बाईंनी तिथेच हिशेब केला. आम्ही सहा ग्रॅमने दुसरे. आणि असा टाळ्यांचा कडकडाट झाला की काय सांगू. ह्यांनी चारही बाजूंना वाकून नमस्कार केला. आता सांगत फिरतायत की मी एकट्याने दोन शहरांची उलथापालथ केली.

तरणतलाव त्या समुद्रकाठच्या शहराला गेला. तिथल्या पोरांना पोहायला जागा कमी पडत होती म्हणे! मानपत्र तुला नाही, मलाही नाही. समारंभ मात्र ठरलाय तसा आमच्याच सभागृहात होणार, तेव्हा दहा तारखेला तरीही ये. पहिल्या रांगेत चौघं बसू आणि कुणासाठी तरी टाळ्या वाजवू.

ह्यांचं एकच मागणं आहे. पुन्हा कधी वजनं घ्यायची झाली तर चिठ्ठी निघो न निघो, त्यांचं नाव यादीत सगळ्यांत वर हवं. मी नवी वही आणली आणि पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, ते आजच लिहून टाकलं.

बहिणीला पदरात घे आणि आहे तसाच राहा.

तुझी,
ताई