कपाळाला लावून पुढे

गोराई, मंगळवार

प्रिय श्यामकांत,

आधी खुशाली: मी गोराईत आहे आणि बरा आहे. इनासकाका म्हणून मच्छीमार आहेत, त्यांच्याकडे बोंबील वाळत घालतो. बोंबील एकटा टांगत नाहीत, माहीत आहे तुला? दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडीने दांडीवर टाकतात. गावात टीव्ही एकाच घरात आहे, रविवारी तिथे ही गर्दी. असो, भलतीकडे चाललो.

संध्याकाळी काम संपलं की माझी वाट लागते. काकांच्या घरातले प्रार्थनेला बसतात, मी बाहेर ओट्यावर. तेव्हा जोगेश्वरीच्या लेण्यांमागची आपली बैठक आठवते. गांजा कमी आठवतो रे, गोल करून बसलेली पोरं जास्त. बाबांची गिरणी संपात गेल्यापासून घरी जो तो मला विचारायचा, पुढे काय करणार. तिथे कुणी विचारत नव्हतं. चिलीम आली की आपली पाळी, एवढंच.

तू मात्र ती कपाळाला लावून तशीच पुढे द्यायचास. तुला कुणी कधी काही बोललं नाही. मी एकदा तसं करून पाहिलं, तर अंबादास म्हणाला, "शिवदास, तू श्यामकांत कधीपासून झालास रे?" सगळे हसले, तूही. मीपण हसलो आणि दोन झुरके जास्त मारले. तुझं बरं आहे, तू ओढली नाहीस तरी तुझी जागा तुझीच. मला वाटतं, पुढे केलेलं परत केलं तर माणूसही परत जाईल.

इथे आल्यापासून ओढलेली नाही. शहाणा झालो असं नाही, कुणी पुढेच केली नाही.

काल अंबादास शोधत आला. इतका आनंद झाला की रडूच यायचं बाकी होतं. म्हणाला, "एकटा काय कुजतोयस, रविवारी सगळ्यांना घेऊन येतो, मालपण आणतो." मी लगेच हो म्हणालो. श्यामकांत, ते यावेत असं मला मनापासून वाटतंय, त्याचीच भीती आहे. तू त्यांच्या आधीच्या होडीने ये. त्यांना हाकलू नकोस, मला समजावू नकोस. फक्त माझ्या अलीकडे बस, आणि चिलीम तुझ्याकडे आली की माझ्यासमोरून हात लांब करून पलीकडच्याला दे. माझी पाळी तू चुकव. दुसऱ्या कुणी चुकवली तर मला वगळल्यासारखं वाटेल. तू चुकवलीस तर नाही वाटणार.

तुझाच,
शिवदास