सारजेने मुंबईस जाऊ नये म्हणून

मी, रामहरी महिपती वाबळे, वय वर्षे सहासष्ट, मुंबई शहर पोलिसांचा सेवानिवृत्त डेप्युटी कमिशनर, धंदा पेन्शन व शेती, राहणार माळेगाव बुद्रुक, तालुका बारामती, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. काळीज मात्र दमले आहे. डॉक्टर लिमये यांनी आज सकाळी मला तपासून तसा दाखला दिला आहे; तो यासोबत जोडावा. दाखल्याची गरज का पडली, ते वाचणाऱ्यास पुढे कळेल.

१. माळेगावातील राहते घर, परसासह, माझे पुतणे मोहनराव यांस द्यावे. काकाचे डोके फिरले असे ते नव्या साखर कारखान्याच्या बांधकामावर चारचौघांत बोलले. ते मी विसरलेलो नाही. तरी घर त्यांचेच. त्यांच्या आजोबांनी ते बांधले आहे.

२. पोस्टातील शिल्लक माझी कै. पत्नी मुक्ताबाई हिच्या नावाने कालव्यावर धुण्याचा घाट बांधण्यास लावावी. आम्हांस मूलबाळ नाही.

३. माझा गणवेश, पट्टा व छडी माझ्याबरोबर जाळावी. सरकारी पदक शाळेस द्यावे. ते मला कशासाठी मिळाले ते मुलांस सांगण्यास हरकत नाही: एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही. सब-इन्स्पेक्टर म्हणून भरती झालो तेव्हा मुंबईत माझ्या ओळखीचे कुत्रेही नव्हते. पुढे फरारी माणसे दाढी वाढवून, नाव बदलून, दहा-दहा वर्षांनी बाजारात दिसली, आणि मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एकाही वेळी माणूस चुकला नाही. गोरे साहेब मला बोलावून रांगेतली माणसे ओळखायला लावीत. याच एका गुणावर मी चढत गेलो. हे बढाईसाठी लिहीत नाही. पुढच्या कलमात मी जे म्हणणार आहे, त्याचा हा पुरावा आहे.

४. कालव्याखालचे माझे सर्व बागायत रान, विहीर व गुऱ्हाळाच्या जागेसह, माझा वाटेकरी सिद्धू याची बायको सारजा हिच्या एकटीच्या नावे करावे. कारण असे.

सन १९३१ मध्ये, मी इन्स्पेक्टर असताना, माझगावच्या बंदरालगत सकाळी एका बाईचे प्रेत सापडले. वय तिशीच्या आसपास, केसांत दोन-चार पांढरे, अंगावर इरकली लुगडे, गळ्यावर बोटांचे वण. उजव्या कानाखाली जोडतीळ. डाव्या करंगळीचे वरचे पेर नव्हते. उजव्या कोपरावर भाजल्याचा जुना डाग, पानासारखा. मी स्वतः तिच्या अंगावर चादर घातली. तिचा फोटो घेऊन माझी माणसे चाळीचाळींतून फिरली. कोणी ओळखले नाही, कोणी न्यायला आले नाही. वरिष्ठांनी बेवारस म्हणून हुकूम दिला. सोनापूरच्या स्मशानात मी व हवालदार जोतीराम दोघांनी तिला पोचवले, आणि अग्नी मी दिला. फोटो कचेरीतच राहिला. मला त्याची गरज नव्हती.

त्या वेळी सारजेचा जन्मही व्हायचा होता.

ती पळसदेवची. सिद्धूशी लग्न होऊन आली आणि आमच्या पाया पडायला वाकली, तेव्हा मी चेहरा पाहिला. मनात म्हटले, सारखेपणा असतो. जोडतीळही पाहिला. तेही असू शकते, असे मनाला समजावले. करंगळी तेव्हा शाबूत होती, कोपर स्वच्छ होते.

दुसऱ्या वर्षी ऊस तोडताना तिचा कोयता निसटला. मुक्ताबाई हळद घेऊन धावली. मी ओसरीच्या खांबाला धरून उभा राहिलो. मुक्ताबाई म्हणाली, "जन्मभर खून पाहिलेलं माणूस तुम्ही, आणि एवढ्या रक्ताला भिता?" मी तिला सांगितले नाही. ती गेली तेव्हा तिला यातले काही ठाऊक नव्हते.

गेल्या हंगामात गुऱ्हाळावर काहिलीतला उकळता रस सारजेच्या हातावर उडाला. कोणते कोपर, हे मी विचारले नाही. पट्टी सुटली तेव्हा पानासारखा डाग होता.

मग दसऱ्याला जोतीराम इंदापुराहून भेटायला आला. सारजेने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. तो उठून उभा राहिला आणि ती आत जाईपर्यंत बसला नाही.

"साहेब," तो म्हणाला, "हिला आपन सोनापुरात पोचवली."

"होय," मी म्हणालो.

"मग आत्ता पानी कुनी दिलं?"

तो ते पाणी न पिताच गेला.

आता खुणा पुऱ्या झाल्या आहेत. फक्त तिचे वय कमी आहे. सारजा तेवीस वर्षांची आहे. ती तिशीला येईल तेव्हा मी असणार नाही. सिद्धूचा मामा परळच्या गिरणीत आहे. तो त्याला सारखा बोलावतो. म्हणून रान दिले आहे, की पोटासाठी त्यांना गाव सोडावे लागू नये.

५. सारजेने मुंबईत बिऱ्हाड केल्यास, किंवा आजाराखेरीज अन्य कारणाने तिचा मृत्यू झाल्यास, हे रान गावच्या शाळेकडे जाईल. सिद्धूस ढेकूळही मिळणार नाही, मोहनरावांसही नाही. तिच्या जाण्याने ज्याचा फायदा होईल असा एकही माणूस मी या कागदात ठेवलेला नाही. सिद्धू भला आहे. मोहनराव तोंडाचे फटकळ, पण वाईट नाहीत. तरी ते वण मी पाहिले आहेत, आणि आता गावात जो पुरुष भेटतो त्याचे हात मी आधी पाहतो. माझेही पाहिले आहेत.

६. दर सर्वपित्रीला मी एका अनोळखी बाईच्या नावाने पाणी सोडत आलो. ते सारजा आल्यापासून बंद केले. माझ्या पश्चात कोणी पुन्हा सुरू करू नये. चालत्याबोलत्या माणसाला पाणी सोडू नये.

७. या मृत्युपत्राचा अंमल जोतीरामाने करावा. माझे मनगटी घड्याळ व दुभती गाय त्याची.

८. हे कलम मूळ मसुद्यात नव्हते. परवा सारजेला मी सगळे सांगितले. तिच्या जिवाची गोष्ट तिच्यापासून लपवून रान देणे मला पटेना. ती गोठ्याशी शेण काढत होती. तिने हात धुतले, पदर सावरला आणि सगळे ऐकून घेतले. बराच वेळ गायीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली,

"आबा, मला मारलं कुनी?"

"ठाऊक नाही. तपास लागला नाही."

"तुमच्यावानी मानसाला बी?"

"नाही लागला."

"तितं कुनी आलं व्हतं का माझ्यासाठी?"

"कोणी नाही. तुझं नावही कळलं नाही."

"मी न्हाय जानार मुंबईला," ती म्हणाली. "धन्याला बी सांगते. पर आबा, माझं पाऊल काय रोज माझ्याच मनानं पडतं? पोरंबाळं व्हतील, दुखनं-खुपनं येईल, कुनी गाडीत घालून न्हेईल. तुमी एक लिवून ठिवा. मी तितं गावलेच, तर कुनीतरी यावं. नाव सांगावं."

मग तिने मला चहा करून दिला.

म्हणून जोतीरामास, आणि त्याच्यामागे त्याच्या मुलांस, माझे सांगणे आहे. मुंबईत तिशीच्या बाईचे बेवारस प्रेत सापडल्याचे जेव्हा कधी कानी येईल, तेव्हा कोणी बोलावण्याची वाट न पाहता जावे. चादर बाजूला करून पाहावे. ती असल्यास मोठ्याने सांगावे, की ही सारजा, पळसदेवची लेक, माळेगावची सून. तिला तिथे जाळू न देता नीरेच्या काठी आणावे. आणि तिला म्हणावे, आम्हांला यायला उशीर झाला.

वरील मजकूर मी दोन वेळा वाचून, समजून, खालील साक्षीदारांच्या समोर सही केली. त्यांनी माझ्या समोर केली. यांपैकी कोणासही या कागदान्वये काही मिळत नाही.

सही: रामहरी महिपती वाबळे

साक्षीदार:
१. डॉ. विनायक गोपाळ लिमये, बारामती
२. भिमा खंडू चोपडे, शाळामास्तर, माळेगाव बुद्रुक

मुक्काम बारामती, तारीख २३ नोव्हेंबर १९५७