वाकड्या नाकाचा मुखवटा

प्रिय विल्फ्रिदोमामा,

उसवलंस ना नाक? मला खात्रीच होती. मारिमोंदाच्या, आपल्या कार्निव्हलातल्या त्या लांबनाक्या सोंगाच्या, मुखवट्याचं नाक वाकडं झालंय म्हटल्यावर तुझ्यातला शिंपी गप्प बसणारच नाही. आणि आन्सेल्मो त्याला हात लावणार नाही, आमच्या अख्ख्या नाचाच्या टोळीच्या घामाचा वास आहे त्याला. तुझा फोन तो रोज चाळतो, म्हणून म्हटलं नाकात चिठ्ठी शिवून बोलू. शाळेत कधी पानभर लिहिलं नाही मी, तेव्हा अक्षराला हसायचं नाही.

इकडे सगळं मजेत. आई यंदा कार्निव्हलला नारळीभाताचं पातेलं घेऊन रस्त्यावर बसणार आहे. त्यातला अर्धा मी खाणार, हे तिला अजून माहीत नाही. टोळीत पोरं वाढलीत. शिट्टी सगळ्यांना वाजवता येते, नाच कुणालाच येत नाही. आठवतं, तू मला पहिला मुखवटा शिवून दिलास नि मी पाद्रीबाबांच्या कानात शिट्टी फुंकली? आई मला झोडपणारच होती, तू मध्ये पडलास. म्हणालास, "मुखवट्याखाली कोण होतं, ते कुणी पाहिलंय?"

परवा तुझा हात पाहिला. इस्त्री निसटली म्हणालास. मामा, माझ्या जन्माआधीपासून तू इस्त्री धरतोयस. ती निसटून पंजाच्या पाठीवर अशी टेकून बसते होय? त्याआधी डोळा दारावर आपटला होता. तुमच्या घरातली दारंसुद्धा भलतीच रागीट. तुम्ही दोघं एकत्र राहायला लागलात तेव्हा घरात आन्सेल्मोची बाजू मीच घेतली होती, म्हणून मला आता बोलायचा हक्क आहे. तू चौकीवर गेला होतास, तेही कळलं. तिथला माणूस हसला, म्हणाला दोन पुरुष म्हणजे साधी मारामारी, घरातल्या छळाची तक्रार कसली. तेव्हापासून तू मुकाच झालास. आन्सेल्मो म्हणतो ना, जाशील कुठे, पुरुषाला कोण ठेवून घेणार? मग मी तेच शोधत फिरलो.

आहे घर, मामा. पाटी नाही, पत्ताही इथे लिहीत नाही. नुरिस नावाची बाई चालवते. मला पाणी दिलं, बसवलं, विचारलं कोण मारतं. म्हटलं, गणिताचा मास्तर. हसली नाही, पेला पुन्हा भरून दिला. मग मी तुझं सगळं सांगून टाकलं. तिला कशाचंच नवल वाटलं नाही, आणि खरं सांगू, मला त्याचंच फार बरं वाटलं. तिथे एक बसड्रायव्हर आहे, हा एवढा रेडा, त्याला बायको मारायची. एका पोरीला तिच्याच मैत्रिणीने कोंडून ठेवलं होतं. दोघं युकाचे कंद सोलत भांडत होते, कुणाची साल जाड निघते त्यावरून. वकील येते, डॉक्टर येतो. शिलाईमशीन आहे, पण चालवणारं कुणी नाही. ड्रायव्हरने शिवलेला पडदा पाहिलास तर तुला झोप लागणार नाही.

मी म्हटलं, टोळी घेऊन जातो नि मामाला उचलूनच आणतो. नुरिसबाई म्हणाली, "उचलायचं नाही. आतापर्यंत त्याचं दुसऱ्यानेच ठरवलंय. तू दार दाखव, पाय त्याचे." आन्सेल्मोला जराही सुगावा लागता कामा नये, हेही तिने मला दोनदा बजावलं.

म्हणून हे पत्र. शनिवारी दुपारी आम्ही शिट्ट्या फुंकत तुमच्या गल्लीत शिरू. आन्सेल्मोला मी दारात नाचायला ओढीन, बाकीचे पाणी प्यायला आत घुसतील. कार्निव्हलात कोण कुणाला अडवतं? यायचं असेल तर हा मुखवटा चढव, आमच्यासारखा कोट उलटा घाल, ओळखपत्र खिशात टाक नि आमच्यात मिसळ. कोपऱ्यावर नुरिसबाई गाडीत असेल. यायचं नसेल तर मुखवटा खिळ्याला लटकव. आम्ही नाचून निघून जाऊ, मी रुसणार नाही, आणि घर कुठे पळून जात नाही. कागद मात्र आत्ताच शेगडीत घाल. पण मला वाटतं तू येशील. आत जेवढे शिरतील त्याहून एक नाक जास्त बाहेर पडेल. मग आन्सेल्मो गल्लीभर विचारत फिरू दे. मुखवट्याखाली कोण होतं, ते कुणी पाहिलंय?

तुझाच, मुद्दाम नाक वाकडं करणारा भाचा,
देइमेर