बत्तीसचे पंच्याहत्तर

७ नोव्हेंबर
आमच्या ह्यांचं वाफेचं छोटं इंजिन पुरं करायला घेतलं. ते जाऊन आठ महिने झाले, इंजिन टेबलावर तसंच अर्धवट. त्यांच्या मॉडेल क्लबाचं संमेलन एक मार्चला आहे. तिथल्या रुळांवर ते धावलं की त्यांचं नाव राहील. काम फार उरलेलं नाही. रोज सकाळी दोन तास. चिडायचं नाही.

९ नोव्हेंबर
चिडले. तिळाएवढा स्क्रू कपाटाखाली गेला. कपाट हलवलं. तीन बटणं आणि एक मोजा मिळाला.

१४ नोव्हेंबर
भलतंच सापडलं. वाचनालयातल्या आगगाडीच्या इंग्रजी पुस्तकात दोन रुळांमधलं अंतर दिलंय, १४३५ मिलिमीटर. मॉडेल एकास एकोणीस मापाचं. भागाकार चारदा केला. पंच्याहत्तर मिलिमीटर येतात. यांनी चाकं ठेवलीत बत्तीसवर! वर एवढं रुंद इंजिन आणि खाली चाकं पोटाशी घेतलेली. ड्रॉइंगवर 'नॅरो गेज' लिहिलंय. नॅरो म्हणजे अरुंद, तेवढं मलाही कळतं. पण अरुंदपणालाही काही सुमार?

शेवटी शेवटी औषधांनी त्यांना गुंगी यायची. त्यातच झालं असणार. क्लबात कुणाला कळता कामा नये. गुपचूप दुरुस्त करते.

१८ नोव्हेंबर
दोन चाकं जोडणारा दांडा, ॲक्सल, लांब करून घ्यायला लेथवाल्याकडे गेले. म्हणाला, बाई, साहेबांनी माझ्यासमोर बत्तीस तीन वेळा मोजलं होतं. खात्री नसली की माणूस तीन वेळा मोजतोच. ड्रॉइंग दाखवा म्हणाला. नाही दाखवलं. घरातली गोष्ट घरात.

३ डिसेंबर
चाकं बसली. आता ती सिलिंडरला अडतात. म्हणजे सिलिंडरही चुकीच्या जागी लावले होते. पितळेचे तुकडे घालून बाहेर सरकवले. सकाळचे दोन तास आता पाच झालेत. स्वयंपाक एकवेळचाच.

१९ डिसेंबर
सिलिंडर सरकवल्यावर वाफेची नळी आखूड पडली. नळीचं मापही चुकलेलं! एका माणसाच्या हातून इतक्या चुका. पस्तीस वर्षं संसार केला, कधी लक्षात आलं नाही.

मुलीला फोनवर सांगितलं. म्हणाली, आई, पस्तीस वर्षं तू दुसरं काय करत होतीस? आता बाबा गेले तरी त्यांच्या चुका काढणं थांबेना. म्हटलं, काढत नाहीये, झाकतेय. ती हसली. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

५ जानेवारी
क्लबाच्या सचिवांचा फोन. वहिनी, एकदा येऊन बघून जाऊ का, म्हणाले. नको, रंग ओला आहे, असं सांगितलं. रंग अजून आणलेला नाही.

२२ जानेवारी
नळी गळते. डाख दिला. दुसरीकडून गळते. तिथे दिला, तर पहिला सुटला. बोट भाजलं. इंजिनाला नाही नाही ते बोलले. मग रिकाम्या खुर्चीकडे बघून त्यांनाही बोलले, की एवढं सगळं चुकवून ठेवायचं आणि आपण निघून जायचं. बराच वेळ बोलले. बोट पाण्यात धरून बसले.

उद्यापासून चिडायचं नाही.

१६ फेब्रुवारी
ठोकळ्यांवर ठेवून वाफ सोडली. चाकं फिरली! पूर्ण चाळीस सेकंद, हवेत. घरात रूळ नाहीत, नाहीतर धावलंच असतं. डोळ्यांत वाफ गेली, पुसावे लागले.

१ मार्च, संध्याकाळ
साडेदहाला क्लबात पोचले. सगळे गोळा झाले. सचिवांनी इंजिन दोन्ही हातांनी उचलून रुळांवर ठेवलं. चाकं दोन्ही बाजूंनी रुळांच्या बाहेर गेली आणि इंजिन पोटावर बसलं.

मी म्हटलं, तुमचे रूळ चुकलेत.

तेवढ्यात शेजारून कुणाचं तरी इंजिन गेलं. रूळ अरुंद, वर रुंद इंजिन, दोन्ही बाजूंनी सारखंच बाहेर आलेलं. त्याच्यामागे तसंच आणखी एक. सचिव हळू आवाजात म्हणाले, नॅरो गेज असंच असतं, वहिनी. डोंगरातल्या लहान गाड्या. रूळ अरुंद, गाडी रुंद, त्यातच तर सगळं कसब. क्लबाचे सगळे रूळ बत्तीसचेच.

मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, जाऊ द्या. आजारपणात हात चुकतो माणसाचा.

मी 'हो' म्हणून मान हलवली. सगळ्यांसमोर मान हलवली.

घरी येऊन इंजिनाची पेटी उघडलेली नाही. बत्तीस बरोबर होतं. सिलिंडर बरोबर होते. नळी बरोबर होती. आणि आता सगळा क्लब म्हणेल, बिचाऱ्याचं शेवटी मोजमाप चुकलं.

२ मार्च, सकाळी साडेसात
सचिवांना फोन केला. सांगून टाकलं की त्यांचं एकही माप चुकलं नव्हतं, सगळं मी बदललं.

ते म्हणाले, ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, वहिनी. आम्हाला मोजायला त्यांनीच शिकवलं.

मग काल तसं का बोललात, मी विचारलं.

म्हणाले, तुम्ही एवढ्या रागात होता, खरं बोलायची कुणाची छाती होती?

मी रागात नव्हते, हे त्यांना ओरडून सांगितलं आणि फोन ठेवला.