बादलचे मुसके

मी, गोमतीबाई, कै. उदयसिंग यांची पत्नी, राहणार इंझोरीजवळचा तांडा, जिल्हा वाशीम, आज डोके ठिकाणावर आणि जीभ नेहमीसारखी धारदार असताना, कोणाच्याही दबावाशिवाय (तशी या घरात कोणाची छाती नाही) हे मृत्युपत्र करून ठेवत आहे.

१. घर व शेत मुलगा विनोद याला.

२. गाय, तिला होणारी वासरे आणि औषध पाजायची बांबूची नळी सून संगीता हिला. विनोद कुरकुरला, "आई, मले नळी काहून नाई?" कारण तू वासराचे डोके आभाळाकडे करतोस आणि औषध श्वासनळीत जाते. तोंड पाठीच्या वर न्यायचे नाही, घोट घोट पाजायचे. वासरू जन्मले की जंताच्या औषधाची तारीख डॉक्टरांना विचारायची. मात्रा वजनावर, अंदाजपंचे नाही.

३. बँकेतली शिल्लक दोघांची. भांडलात तर गाईची.

४. कोनाड्यातले मुसके दीर धरमसिंग यांना. आमचा बैल बादल लहानपणी माती चाटायचा. पोट मडक्याएवढे, केस राठ. भाऊजी म्हणाले, "वात्रट हाये, तोंड बांधा त्याचं," आणि स्वतः विणलेले मुसके घालून गेले. मी ते काढले आणि दवाखान्यातून जंताचे औषध आणून पाजले. दुसऱ्या दिवशी शेणात शिजवलेल्या शेवयांसारखे जंत. अख्खा तांडा बघायला आला. भाऊजींनी वाकून पाहिले अन् म्हणाले, "हे शेण बादलचं नाईच." गोठ्यात दुसरे वासरू नव्हते. पुढे बादल असा भरला, की पोळ्याला त्याचा कासरा धरून भाऊजीच मिरवत. पण खरे काही बोलले नाहीत. मरण्याआधी ते ऐकायची माझी फार हौस आहे.

खुलासा: हे सर्व वाचून दाखवताना भाऊजी साक्षीदार म्हणून सही करत होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार नसावे. भाऊजींनी पेन खाली ठेवले.

"मंग सेवादासची सही घ्या. मले मुसकं पायजे."

"कायले?" मी विचारले.

"घरात टांगतो. नातू वासराचं तोंड बांधाले निघाला त दाखवाले." मग म्हणाले, "वयनी, ते शेण बादलचंच होतं."

मी इतकी हसले की खालची सही वाकडी आली आहे. ती माझीच समजावी.

गोमतीबाई उदयसिंग

साक्षीदार:
धरमसिं (अर्धवट सही, रद्द, मुसके मिळत असल्यामुळे)
१. सेवादास
२. फुलचंद

ठिकाण: वाशीम
दिनांक: १७ जानेवारी २०२५