माणशी चार

७ जून, शनिवार

आजपासून मासेमारी. सीरियसली.

रिटायर झाल्यावर माणसाने हात चालता ठेवावा असं सगळेच सांगतात. मार्चमध्ये ऑफिस सुटल्यावर मी तो घरात चालवून पाहिला. अरुणाचं किचन तिच्याच सोयीसाठी नव्याने लावलं. मसाल्याच्या डब्यांना लेबलं, डाळी एबीसीडीप्रमाणे, पोळ्या लाटताना ओट्यावर पीठ किती वाया जातं त्यावर दोन शब्द. तिने पोळ्या लाटून संपवल्या. एप्रिलमध्ये लेकीच्या, रुचाच्या, बाळंतपणाला टोरंटोजवळ एटोबिकोला गेली. बाळाचं नाव ऊर्मी. अरुणा जूनअखेर विनिपेगला परत येणार होती, आता जुलै म्हणते. बाळंतपण म्हटल्यावर पुढेमागे व्हायचंच.

आपण मूळचे रेवदंड्याचे. मासा रक्तात आहे. (तिकडे गळ कधी हातात धरला नाही. दारावर कोळीण यायची. पण रक्त ते रक्तच.)

८ जून

नंदूबरोबर लॉकपोर्टला नदीवर गेलो. नंदू म्हणजे माझा जुना कलीग. मूळचा नागपूरचा, पण इथे येऊन पक्का मासेमार झालाय. त्याने नियमांची पुस्तिका दिली. पूर्ण वाचली. म्हणजे चित्रं सगळी पाहिली. मुख्य मुद्दा एकच, पिकरेल माणशी चार. पिकरेल म्हणजे चवीला आपल्या रावसाचा मावसभाऊ.

आज एकही लागला नाही. रॉड हलक्या प्रतीचा आहे.

१९ जून, संध्याकाळी ७

लागले! तीन!! नंदूने जाळी धरली, पण ओढले मीच.

घरी आल्याबरोबर तुकड्या केल्या, कातडी सोलली, हळद-मीठ चोळलं, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरून बेसमेंटच्या फ्रीझरमध्ये. आईची शिस्त. मासा घरात आला की आधी हळद, मग बाकीच्या गोष्टी. नंदूचं म्हणणं, कातडीचा एक तुकडा तसाच ठेवायचा असतो, मासा कुठला ते ओळखू यावं म्हणून, आणि मोजता येईल असा पॅक करायचा असतो. म्हटलं, तुकड्या मोजत बसायला हे काय लग्नाचं जेवण आहे? आमच्याकडे असला गबाळेपणा चालत नाही.

अरुणाला फोन केला. ती बाळाला आंघोळ घालत होती. वा, म्हणाली. नंतर करते, म्हणाली.

केला नाही. विसरली असणार.

१२ जुलै

फ्रीझरचा एक कप्पा भरला. मी स्वतः काही शिजवत नाही, ते अरुणाचं डिपार्टमेंट. एकदा तळायला घेतले होते. स्मोक अलार्म वाजला, शेजारीण धावत आली. तेव्हापासून रात्री टोस्ट. टोस्ट हलका असतो.

नंदूने आज उगाच कटकट केली. म्हणे आता तुमच्याकडे एकूण किती झाले? म्हणे चार ही रोजची मर्यादा नाही, जवळ बाळगायची मर्यादा आहे. पझेशन लिमिट. हातात, गाडीत, घरच्या फ्रीझरमध्ये, सगळं मिळून चार. आधीचे खाल्ले की मगच पुढचे ठेवायचे. मला हसूच आलं. मग त्याला समजावून सांगितलं. माणशी चार ना? मग कार्डावर माणसं किती? मी, अरुणा, रुचा, जावई पुष्कर आणि ऊर्मी. पाच चोक वीस. रेशनकार्डाचं हेच तर तत्त्व आहे. माणूस गावाला गेला म्हणून त्याच्या वाटची साखर सोडतो का आपण?

नंदूने गळ पाण्यात टाकला. पटलं असावं.

२ ऑगस्ट

अरुणा आता सप्टेंबर म्हणते. पुष्करची रजा संपली, रुचाला एकटीला जड जाईल. बरोबर आहे. शिवाय तिला तिथे कोणत्या तरी बायकांचा वॉकिंग ग्रुप मिळालाय. बसने एकटी लायब्ररीत जाते म्हणे. विनिपेगमध्ये वीस वर्षांत बसमध्ये चढली नाही. मी कारने सोडायचो ना. इतकी सोय होती.

घर फार शांत आहे. लिहून टाकलं म्हणजे डोक्यातून जाईल.

गेलं नाही.

१० ऑगस्ट

मसाल्याच्या डब्यांची लेबलं काढली. ती आल्यावर सरप्राइज. लेबल निघतं पण गोंद राहतो. तासभर घासला. हळदीच्या डब्यावरचा तर निघतच नाही.

आज दोन मासे. दोन्ही अरुणाच्या नावावर टाकले.

३० ऑगस्ट

निर्णय झाला! ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगला, एटोबिको. बाय रोड. सगळे मासे घेऊन. विमानात सुटकेस नेता येते, संसार नाही. मी दारात उभा, दोन आइसबॉक्स भरलेले, अरुणा झाकण उघडते, हळदीचा वास, तिला घराची आठवण येते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुढच्या सीटवर. परतीचा प्रवास निवांत, वाटेत लेक सुपीरियरच्या काठाने फोटो.

पुष्करलाही कळेल की सासरा म्हणजे नुसता पेन्शनर नाही. तो मासे सुपरमार्केटमधून आणतो, थर्माकोलच्या ट्रेमधले.

अरुणाला फोनवर सांगितलं. म्हणाली, एवढं ड्राइव्ह कशाला करताय, डोळ्यांचं बघा आधी. काळजी करते. चांगली खूण आहे.

परत येण्याबद्दल विचारलं तर म्हणाली, तुम्ही या तर खरं, मग बोलू. मग बोलू म्हणजे हो.

२१ सप्टेंबर

नंदू घरी आला. फ्रीझर दाखवला. बराच वेळ झाकण धरून उभा राहिला. बाप्पा, हे काय करून ठेवलं, म्हणाला. नागपूरचा माणूस, लगेच घाबरतो. एक डबा प्रेझेंट दिला तर घेईना. म्हणे तुमचा मासा मी घेतला की तो माझ्या चारांत धरतात, आणि माझे चार घरी आहेत. मैत्रीतही मोजमाप!

खाऊन टाका, नाहीतर कोणाला जेवायला बोलवा, म्हणाला. कोणाला बोलवू? आमच्या घरी येणारी माणसं अरुणाची होती. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

असो. पुढचा प्रांत ऑन्टारियो, त्याचं वेगळं लायसन्स काढलं. वाटेत ड्रायडनजवळ तळी भरपूर. एक अख्खा, ताजा मासा वर शोभेला हवा. नियमांच्या बाबतीत आपण एकदम काटेकोर.

१० ऑक्टोबर, पहाटे ५

निघालो. दोन आइसबॉक्स, बर्फ गच्च. तरी निम्मे डबे फ्रीझरमध्येच राहिले, जागा नाही. अरुणाचा विंटर कोट आणि तिची आवडती कढई घेतली. कढई परत आणायचीच आहे, पण तिथे तळायला लागेल.

कोट का घेतला माहीत नाही. परत येतानाही थंडी असेलच.

१० ऑक्टोबर, दुपारी २

तळ्यावर आहे. ऊन छान. तासाभरात दोन लागले. जागेवरच तुकड्या केल्या, आइसबॉक्सच्या झाकणावर. हळद बरोबर आणलीच होती. शोभेसाठी अख्खा ठेवायचा होता, पण सवयीचा हात.

एक युनिफॉर्मवाली बाई येतेय. तरुण आहे, हसरी. लोकांना मासेमारीत इंटरेस्ट असतो इथे.

१० ऑक्टोबर, संध्याकाळी, थंडर बेच्या वाटेवर, पेट्रोल पंपावर

 कॉफी सांडली.

क्रमाने लिहितो. बाईने लायसन्स मागितलं. दिलं. आज किती मिळाले विचारलं. दोन, म्हटलं. बॉक्समध्ये काय आहे, विचारलं. इतक्या आपुलकीने कोणी कित्येक महिन्यांत काही विचारलं नव्हतं. मी दोन्ही झाकणं उघडून दाखवली. आईची हळद-मिठाची पद्धत सांगितली. ती वाकून बघत राहिली. म्हणाली, हे किती मासे आहेत? म्हटलं, कमॉन मॅम, समर लाँग वर्क! घरी अजून एवढेच आहेत, जागा नव्हती! तिने लिहून घेतलं. मला वाटलं, कौतुक लिहून घेतेय.

मग तिने सांगितलं. आवाज चढवला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. कातडी नाही, मासा कुठला कळत नाही. तुकड्या, म्हणून किती कळत नाही. आणि कसेही मोजले तरी चारांच्या कितीतरी वर. मर्यादा माणसाची असते, जवळ जे काही असेल त्या सगळ्याची, आमच्या मॅनिटोबात धरलेलंसुद्धा. मी माणशी चारचं समजावलं. कुटुंबाची नावं सांगितली. तिने विचारलं, ही माणसं कुठे आहेत? म्हटलं, टोरंटोला. त्यांनी हे मासे धरले का? नाही. तुमची पत्नी तुमच्याबरोबर राहते का?

म्हटलं, ऑफ कोर्स.

मग म्हटलं, सध्या नाही.

दोन्ही बॉक्स रिकामे करून घेतले. रॉडही गेला. दंडाचं तिकीट हातात आहे, आकडा इथे लिहीत नाही. घरच्या फ्रीझरचं विनिपेगच्या ऑफिसला कळवणार म्हणे. जाताना म्हणाली, ड्राइव्ह सेफ, सर.

बाकी वागणं सभ्य होतं. नवीन असावी, अनुभव कमी.

११ ऑक्टोबर, दुपार, सू सेंट मरीच्या अलीकडे

प्लॅन बी. एटोबिकोला पोहोचण्याआधी सुपरमार्केटमधून मासा घ्यायचा, ट्रे फेकून द्यायचा, तुकड्या करून हळद लावायची. कोणाला काय कळतंय?

हळदसुद्धा त्या गोंधळात तळ्यावर राहिली.

दिवसभर सुपीरियर उजव्या हाताला. फोटो काढला नाही. ते परतीला ठरलं होतं.

अरुणाचा फोन आला. जेवलात का, कुठे पोहोचलात. मासे बर्फात नीट आहेत ना, हेही विचारलं. हो, म्हटलं. तिकडच्या सरकारकडे आहेत, म्हणजे बर्फातच असणार.

१२ ऑक्टोबर, रविवार

पोहोचलो. प्लॅन बी रद्द, दुकान दिसलं पण गाडी थांबवली नाही. जीव थकला होता.

अरुणाने दार उघडलं. केस कापलेत. छान दिसतात. तिने माझ्या मागे पाहिलं, मग बॉक्स उचलून पाहिला. तो हलका लागला. मी वाटेत रचलेलं सगळं विसरलो आणि खरं काय ते सांगून टाकलं, दारातच, बूट न काढता.

पुष्कर हसला, मग सॉरी बाबा म्हणाला. मुलगा वाईट नाही. रुचा म्हणाली, बाबा, सीरियसली? इट्स लिटरली ऑन द फर्स्ट पेज. तिने मिठी मारली, म्हणून ऐकून घेतलं.

अरुणा हसली नाही. म्हणाली, एवढे मासे धरलेत, त्यातला एकही खाल्ला नाहीत? मग चार महिने खाताय काय?

टोस्ट, म्हटलं.

ती आत गेली. ताट वाढून आणलं. वरण-भात, वर तूप. मला दोनदा ठसका लागला.

१३ ऑक्टोबर, सोमवार, थँक्सगिव्हिंग

सकाळी ऊर्मी मांडीवर होती. बोट घट्ट धरते. माशापेक्षा घट्ट. आज मूड चांगला आहे, विषय काढायचा असं ठरवलं.

अरुणानेच काढला. तिचा गुडघा आता बरा आहे. इथल्या डॉक्टरने व्यायाम दिलेत. म्हटलं, मॅनिटोबाच्या कार्डावर कसं चाललं? म्हणाली, ते बदललं ना. ऑगस्टमध्येच. ऑन्टारियोचं हेल्थ कार्ड काढलं, इथल्या पत्त्यावर. फोनवर सांगायचं होतं, पण तुम्ही माशांचंच बोलायचात.

मी म्हटलं, म्हणजे तू माझ्या कार्डावर नाहीस?

कुठल्या कार्डावर, म्हणाली.

मग तिला रेशनकार्डाचं सांगितलं. माणशी चार. तिच्या नावावर किती मासे धरले तेही सांगितलं. ती खूप हसली. डोळे पुसले. मग पुसतच राहिली. म्हणाली, अहो, माझ्या नावावर तुम्ही काय काय ठेवत आलात, मला एकदा विचारायचंत तरी.

मी विचारलं, आता विचारतो. कधी येतेस?

तिने ऊर्मीला माझ्याकडून घेतलं. म्हणाली, एवढ्या लांबून आलात, हवं तर दिवाळीपर्यंत राहा ना.

राहा म्हणाली. पाहुण्यांना म्हणतात तसं.

दुपारी सगळे झोपले तेव्हा किचनमध्ये गेलो. चहा करून तिला उठवावं म्हटलं. मांडणीत डबे होते, एकावरही लेबल नव्हतं. पत्ती कुठली, साखर कुठली, मला काही कळेना. एकही डबा उघडला नाही. ती उठेपर्यंत खुर्चीत बसून राहिलो.